न फडफडणारं शीड

आमच्या गावात माणसाची अब्रू जाते ती फडफडीने. जेराल्डटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की रोज दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो आणि दिवेलागणीपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. ज्याच्या अंगणातलं, शाळेतलं किंवा दुकानापुढचं सावलीचं शीड नीट ताणलेलं नसेल, त्याचा बभ्रा हा वारा अख्ख्या गल्लीत करतो. शीड म्हणजे खांबांना कोपरे बांधून डोक्यावर ताणलेलं जाळीदार कापड. ऊन सगळीकडे, म्हणून शिडं सगळीकडे. चांगलं शीड मुकं असतं. वाईट शीड बोलतं, आणि एकदा बोलायला लागलं की शेजारी बोलायला लागतात.

डॉट क्विल्टीबाईंनी बत्तीस वर्षांत स्वतः आखून शिवलेलं एकही शीड कधी बोललेलं नाही.

तोंडावर मी त्यांना नुसतं ‘डॉट’ म्हणतो, अगं-तुगं करतो, आमच्या शेडमध्ये सगळेच करतात. लिहायला बसलो की मात्र हात आपोआप बहुवचनात जातो. त्याला इलाज नाही.

आमची ही शिडं बनवायची शेड मर्व्ह हॅलोरनची. तो मालक, मी खांब उभे करणारा, आणि डॉटबाई बाकी सगळं. वय एकसष्ट. गळ्यात मोजपट्टी, केसांत पेन्सिल, आणि ती पेन्सिल सापडत नाही म्हणून कानामागे दुसरी. पाय अनवाणी. कापड कापायच्या लाकडी फरशीवर बूट घालून पाऊल टाकलं तर मर्व्हलासुद्धा माफी नाही. शीड शिवून झालं की बाई त्याच्या कडेकडेने चालतात, टाचेला अंगठा लावत, एकेक पाऊल मोजत. त्यांचं पाऊल बरोबर चोवीस सेंटिमीटर आहे. मोजपट्टी गळ्यात असताना ही कवायत कशाला, असं मी नवीन असताना विचारलं होतं.

“पट्टी लांबी सांगते,” त्या म्हणाल्या. “पायाला वळण कळतं. कुठे घाई झालीय, कुठे कंटाळा आलाय, सगळं तळव्याला लागतं.”

कापडाला कंटाळा येतो ही माहिती मला तेव्हा पहिल्यांदा मिळाली.

मुळात त्या लग्नाचे पोशाख शिवायच्या. गावातल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्यांच्या टाक्यांनी झालेली आहे आणि त्यातले काही संसार उसवले, तरी पोशाख शाबूत आहेत, असं त्यांचा नवरा केव्ह सांगतो. केव्ह क्रेफिश नावाची शेवंडं पकडणाऱ्या बोटीवर होता. बोटीवरच्या ताडपत्र्या शिवता शिवता बाई शिडांकडे आल्या. लोकांना वाटायचं, कुठे नवरीचा गळा आणि कुठे शाळेच्या मैदानावरचं छप्पर. बाईंच्या मते काम एकच. “कापड सपाट असतं, माणूस सपाट नसतो. दोघांचं जमवून द्यायचं. शिडात माणसाऐवजी वारा असतो, एवढंच. वारा निदान वजन वाढलं म्हणून मला दोष देत नाही.”

शिडाची सगळी मेख कडेत असते. कड सरळ कापली की ती सैल पडते, सैल पडली की वारा तिला धरतो, आणि मग सुरू होते फडफड. म्हणून कड आतल्या बाजूला ओढलेली लागते, दहा मीटरला साधारण मीटरभर, धनुष्याच्या दांडीसारखी. ही कमान बाई कशी काढत? शेडच्या भिंतीवर दोन खिळे, त्यांत टांगलेली एक बारीक साखळी. साखळी स्वतःच्या वजनाने जो झोल घेईल तो खडूने भिंतीवर उतरवायचा आणि तिथून मोठा करून कापडावर न्यायचा. ती भिंत अजून तशीच आहे. वर्षानुवर्षांच्या कमानी एकावर एक, जणू शेकडो पांढरी हसू. मर्व्हने दोनदा रंग द्यायला माणूस आणला आणि दोनदा बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पण शिडं मोठी होत गेली. चार कोपऱ्यांची सहा झाली, एक कोपरा उंच, एक खाली, मध्ये पीळ. साखळी त्याला पुरेना. मर्व्हने चित्रं पर्थच्या एका ऑफिसातून करून घ्यायला सुरुवात केली. तिथून आकडे यायचे, बाई कापायच्या. कापड ताणल्यावर लांबतं, म्हणून कापतानाच ते थोडं लहान कापावं लागतं. पर्थची चित्रं पूर्ण मापाची येत, आणि कापडावर रेघा ओढणाऱ्या यंत्रात बाई स्वतः अठ्ठ्याण्णव टक्के असा आकडा घालत. हा अठ्ठ्याण्णव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफ सेव्हिंग क्लबचं शीड झालं. चित्र पर्थचं. कडा जवळजवळ सरळ. बाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “मर्व्ह, हे बोलणार.”

“त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, डॉट.”

“असेल. त्यांच्याकडे वारा आहे का?”

शीड त्या संबंध उन्हाळ्यात बोललं. किनाऱ्यावर माणसं एकमेकांच्या कानाशी जाऊन गप्पा मारायची. लोकांनी त्या शिडाचं नाव ‘मर्व्हची सासू’ ठेवलं. खरी सासू त्याच क्लबात पत्ते खेळायला जाते, त्यामुळे त्या वर्षी ख्रिसमसचं जेवण मर्व्हने शेडमध्येच, माझ्याबरोबर, मीट पाय नावाची खिम्याची कचोरी खाऊन केलं.

त्यानंतरच्या सोमवारी डॉटबाई, वय अठ्ठावन्न, मर्व्हच्या टेबलाशी जाऊन म्हणाल्या की तो कॉम्प्युटर मला पाहिजे.

ज्या जातीचा प्रोग्रॅम त्या शिकल्या त्याला पॅरामेट्रिक म्हणतात. तो शिकवायला गावात कोणी नव्हतं. एक डेन्मार्कचा माणूस व्हिडिओत, झोपेतून उठल्यासारख्या मऊ आवाजात, सगळं समजावून सांगायचा. बाईंनी त्याला आपलासा केला. रोज सकाळी कामाच्या आधी दीड तास, हातात चहा, बशीत ॲन्झॅक बिस्किटं, आणि पडद्यावर तो डेन. “माझा डेन म्हणतो,” असं त्या येता-जाता सांगू लागल्या. केव्ह एकदा डबा द्यायला आला, त्याने थोडा वेळ व्हिडिओ पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “अडतीस वर्षांत मी इतक्या हळू आवाजात तिच्याशी कधी बोललो नाही. माझी बाजू जरा कमजोर आहे.”

पहिला महिना बाईंचा आणि कोनांचा उभा दावा होता. खांब बाहेरच्या बाजूला दहा अंश कललेला हवा, म्हणून त्यांनी दहा लिहिलं, आणि पडद्यावरचा खांब कोलांटी घेऊन डोक्यावर जमिनीत घुसला. त्यांनी पुन्हा दहा लिहिलं. खांब जमिनीतच. बाई पडद्याकडे, पडदा बाईंकडे. तीन दिवसांनी डेनने खुलासा केला की त्या चौकटीत कोन अंशात लिहायचे नसतात, रेडियन नावाच्या दुसऱ्याच मापात लिहायचे असतात. अंश हवे असतील तर तसं आधी सांगावं लागतं.

“म्हणजे मी इतके दिवस त्याच्याशी परक्या भाषेत भांडत होते,” बाई म्हणाल्या. “तरी बिचाऱ्याने सांगितलं ते केलं. मर्व्ह एवढंही करत नाही.”

पण एकदा गाडी रुळावर आली आणि मग बाई जे करू लागल्या ते पाहायला मी माझा चहा त्यांच्या टेबलाशी नेऊन प्यायला लागलो. त्या चित्र काढतच नव्हत्या. त्या नाती लिहीत होत्या. हा कोपरा या खांबाला बांधलेला, ही कमान या दोन कोपऱ्यांमधली, तिची खोली लांबीच्या दहा टक्के, कापडाचा ताण इतका. बाजूला एकेका गोष्टीचा स्लायडर. एक स्लायडर बोटाने ढकलला की अख्खं शीड पडद्यावर अंग हलवायचं. खांब उंच केला की दोन कडा ताणायच्या, तिसरी उतरायची, सावली जमिनीवर सरकायची. रविवारच्या जेवणाला एका आत्याने खुर्ची सरकवली की सगळ्यांनाच थोडं थोडं सरकावं लागतं, तसं.

कोपऱ्याचा कोन साठ अंशांच्या खाली गेला तर कापड तिथे गोळा होतं. म्हणून असा कोपरा लाल व्हावा, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. मर्व्हने एकदा गंमत म्हणून कमानीचा स्लायडर शेवटपर्यंत ढकलला आणि सहाच्या सहा कोपरे लाल झाले.

“मोडलं का गं?” तो दोन पावलं मागे सरकून म्हणाला.

“नाही. ते तुला ओळखतं.”

तीन वर्षं बाई मॉडेल करत राहिल्या, पण खरी कामं पर्थलाच जात होती. मर्व्हला ‘सासू’चा धसका होता, पुन्हा काही झालं तर दोष द्यायला निदान एक लांबचं ऑफिस हवं, असा त्याचा हिशेब. शेवटी यंदा नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाचं काम आलं. लहान मुलांच्या उथळ कुंडावर सहा कोपऱ्यांचं शीड, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी उद्घाटन. बाई म्हणाल्या, हे मी काढणार.

मर्व्हने बराच वेळ चहा ढवळला. त्यात साखर नव्हती. “हे एक तुझं,” तो म्हणाला. “पण हे फडफडलं किंवा बसलं नाही, तर चित्रं कायमची पर्थला. पुन्हा विषय काढायचा नाही. तू आणि शिवणयंत्र.”

“आणि बसलं तर?”

“तर पर्थला फोन मी करतो.”

त्या तलावाची व्यवस्था कॉलीन बॅस्कूम नावाच्या बाईंकडे आहे. काळजी करणं हा कॉलीनचा जोडधंदा. तिची मागणी एकच होती: दुपारी तीन वाजता कुंडाच्या पायऱ्यांवर सावली पाहिजे, कारण आज्या तिथे बसतात. डॉटबाईंनी तिला पडद्यापाशी बसवलं, डिसेंबरातला सूर्य लावला आणि घड्याळाचा स्लायडर हलवून सावली पायऱ्यांवरून फिरवून दाखवली. कॉलीनने ते चार वेळा पाहिलं. “आणि जानेवारीत?” बाईंनी जानेवारी लावला. “फेब्रुवारीत?” बाईंनी मार्चपर्यंतचा सूर्य तिला दाखवला, तेव्हा कुठे ती उठली.

मी खांब उभे केले. सहा पोलादी खांब, प्रत्येकाचा बाहेरचा कल वेगळा. प्रत्येकाच्या तळाची लोखंडी पट्टी चार बोल्टांवर, बोल्टांना नट, नट फिरवला की खांब कलतो. पट्टीखालची पोकळी सिमेंटने भरायची ती शीड चढवायच्या आदल्या दिवशी. उद्घाटनाच्या आठवड्यात मंगळवारपर्यंत सगळं वेळेवर होतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. आमच्याकडे गोष्टी वेळेवर चालल्या की मर्व्हला घाम फुटतो.

मंगळवारी सकाळी दहाच्या चहाला शिवलेलं शीड फरशीवर पसरलं होतं. बाई सगळ्यात लांब कडेवरून चालायला लागल्या. टाच, अंगठा, टाच, अंगठा. शेवटच्या कोपऱ्याशी थांबल्या. परत सुरुवातीला गेल्या आणि पुन्हा चालल्या. मी बिस्किट चहात बुडवलेलं होतं, ते तिथेच विरघळलं, कारण बाई तिसऱ्यांदा चालत होत्या.

“सुनी,” त्या मला म्हणाल्या, “पावणेसदतीस यायला हवीत. छत्तीस येतायत.”

“पाऊल वाढलं असेल.”

त्या हसल्या नाहीत, तेव्हा मी कप खाली ठेवला. मोजपट्टी लावली. पट्टीनेही पायाचीच बाजू घेतली: कड अठरा सेंटिमीटर कमी.

बाई रेघा ओढणाऱ्या यंत्राशी गेल्या, त्याच्या पडद्याकडे नुसतं पाहिलं आणि खाली बसल्या. तिथे अठ्ठ्याण्णव होतं. कापडाचं लांबणं या वेळी त्यांनी मॉडेलमध्येच वजा केलेलं होतं, डेनने शिकवलं तसं, नीट. आणि मग यंत्रापाशी उभं राहिल्यावर वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताने आपला अठ्ठ्याण्णव घातला. एकदा डोक्याने वजा केलं, एकदा हाताने. नवशिक्याकडून ही चूक होऊच शकत नाही. त्याला अठ्ठ्याण्णव माहीतच नसतं.

मर्व्ह आला. त्याचा चेहरा पाहून मला एकदम क्लब आठवला.

“नवीन कापड?”

“मेलबर्नहून तीन आठवडे,” मी म्हणालो.

“मग कोपऱ्यांना साखळीचे दोन-दोन दुवे लावू. कोणाला कळतंय?”

“वाऱ्याला,” बाई म्हणाल्या. “साखळीने कोपरा डोलेल, कोपरा डोलला की कमान सैल पडेल. मग ते बोलेल.”

मर्व्ह भिंतीला टेकला. त्याच्या पाठीला जुन्या कमानींचा खडू लागला. मग तो हळूच म्हणाला, आणि यात त्याचा चांगुलपणाच होता, “आपण म्हणू, कॉम्प्युटरने घोळ केला. सगळे विश्वास ठेवतील. तुझं नावही यायला नको.”

“त्याने सांगितलं ते केलं, मर्व्ह. मीच दोनदा सांगितलं.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि आपल्या टेबलाशी गेल्या. मला वाटलं, पर्स घ्यायला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि मॉडेल उघडलं.

इथून पुढचा पाऊण तास मी जो पाहिला तो तुम्हाला दाखवता आला असता तर बरं झालं असतं. इतके दिवस खांब पक्के होते आणि शीड त्यांच्याप्रमाणे बदलत होतं. बाईंनी नातीच उलटी केली. फरशीवरच्या शिडाच्या सहाही कडांची मापं माझ्याकडून घेतली आणि ती पक्की करून टाकली: कापड आता हेच. आणि खांबांचे कल मोकळे सोडले. मग प्रोग्रॅमला विचारलं, की बाबा रे, असंच शीड तंतोतंत ताणून बसायचं असेल तर खांब कुठल्या कोनात उभे राहिले पाहिजेत?

पडद्यावर सहा खांब एकेक करून किंचित आत आले. कुणी एक अंश, कुणी दीड, एकाला तर पाऊणच पुरला. कडेच्या कमानी पुन्हा भरल्या. एकही कोपरा लाल झाला नाही. बाईंनी तीन वाजताचा सूर्य लावला. सावली वीतभर मागे सरकली होती, पण पायऱ्या झाकलेल्याच होत्या.

“पाच मीटरचा खांब एक अंश आत आणायचा, तर बोल्टावरचा नट किती फिरवायचा?” त्यांनी मला विचारलं.

हे मला येतं. पट्टीवर बोल्टांमधलं अंतर तीस सेंटिमीटर. “पाच मिलिमीटर. दीडला आठ.”

मर्व्ह आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. “म्हणजे सगळा प्रश्न आठ मिलिमीटरचा आहे?”

“प्रश्न माझ्या हाताचा आहे,” बाई म्हणाल्या. “उत्तर आठ मिलिमीटरचं आहे.”

पण खांबाचा कोन बदलायचा म्हणजे ज्या इंजिनिअर बाईंनी हिशेबावर सही केली त्यांना विचारायला हवं. डॉटबाईंनी फोन करून आपली चूक पहिल्याच वाक्यात सांगून टाकली, काही न सजवता. पलीकडून थोडा वेळ नुसता कळफलकाचा आवाज. दुपारी उत्तर आलं: मर्यादेत आहे, करा, पण सिमेंट भरायच्या आधी प्रत्येक कोनाचा फोटो पाठवा.

बुधवारी मी पाना घेऊन खांबाखाली आणि बाई कोनमापक घेऊन खांबाशी. “आणखी जरा. आणखी. थांब. तू फिरवलास की श्वास घेतलास? थोडा मागे.” सहा खांबांना दुपार झाली. शेवटच्या दोघांच्या वेळी वारा सुटला होता आणि बाईंच्या डोक्यातल्या दोन्ही पेन्सिली उडाल्या. कॉलीन दर दहा मिनिटांनी येऊन विचारायची, “काही झालंय का?” आणि बाई दर वेळी खरं तेच सांगायच्या, “हो. दुरुस्त करतोय.” याने कॉलीनला इतका धीर आला की तिने आम्हाला लॅमिंग्टन केक आणून दिले.

फोटो पाठवून बुधवारी संध्याकाळीच सिमेंट भरलं आणि गुरुवारी शीड चढवलं, सकाळी नऊच्या आत, वारा उठायच्या आधी. कोपऱ्यांचे पेच एकेक करून आवळत गेलो. सहावा कोपरा कडीत बसला तो असा, की जणू तिथेच जन्मला होता. बाईंनी लांब काठीने कापडाला खालून टिचकी मारली. ढोलकीसारखा एक छोटा, घट्ट आवाज आला. पण टिचकीने काही ठरत नाही. आम्ही जेवणाचे डबे उघडले आणि वाट बघत बसलो. मर्व्हने सँडविच हातात धरलं होतं, खाल्लं नाही.

बारा वाजले, साडेबारा झाले. एकला दहा कमी असताना कॉलीन तिकीटघरातून बाहेर आली, शिडाखाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, “आज वारा कुठे राहिला? रोज तर या वेळेला...”

तेवढ्यात तिची टोपी उडाली. कुंडावरून गेली, मोठ्या तलावावरून गेली आणि कुंपणाच्या जाळीला जाऊन चिकटली. कुंपणापलीकडची झाडं उत्तरेला वाकून राहिली होती. कॉलीन टोपीकडे बघत होती. मग तिने वर पाहिलं. वर शीड, ताठ, एकही सुरकुती न हलवता, मुकं.

मर्व्हने सँडविच डब्यात ठेवलं, हात पँटला पुसले, खिशातून फोन काढला आणि गाड्या लावायच्या जागेकडे चालायला लागला. वाऱ्याने त्याचं बोलणं आमच्याकडे आणून टाकलं. “हो, मर्व्ह हॅलोरन. जेराल्डटन. नाही, तक्रार नाही. यापुढे चित्रं आम्ही इथेच काढणार. कोण? डॉट क्विल्टी. क्वि-ल्टी. लिहून ठेवा.”

डॉटबाईंनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या कुंडाच्या काठावर फरशीवर उताण्या पडल्या होत्या, पाय अनवाणी, आणि एक डोळा मिटून कडांकडे बघत होत्या. मी शेजारी जाऊन बसलो.

“शेडमध्ये गेल्यावर त्या यंत्रावर एक चिठ्ठी चिकटव,” त्या म्हणाल्या. “वजा केलेलं आहे, असं मोठ्या अक्षरांत. खाली माझं नाव घाल. दुसऱ्या कोणाचं लिहिलेलं मी वाचत नाही.”

“आणि शीड?”

त्यांनी बोटाने हवेत एक कड गिरवली, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

“ती तिसरी आहे ना, ती थोडी आळशी आहे. पुढच्या वेळी तिला साडेदहा टक्के देऊ.”